मुक्या बाहुल्यांचं खोकं

१३ ऑगस्ट

काय झालं ते आधी नुसतं लिहून ठेवते.

१. दुपारी मिउराकाकू आल्या. स्टेशनसमोरचं भेटवस्तूंचं दुकान त्यांचं. हातात खोकं.
२. खोक्यात बाबांनी घडवलेल्या लाकडी बाहुल्या, कोकेशी. परत आणलेल्या.
३. आईने एकीची मान फिरवली. आवाज नाही. दुसरीची फिरवली. नाही.
४. बाबा गरम झऱ्यावरून आंघोळ करून येईपर्यंत खोकं तांदळाच्या पिंपामागे गेलं.
५. मी पाहिलं. मी पाहिलं हे आईने पाहिलं.


आमच्या नारुको गावची लाकडी बाहुली मान फिरवली की कुईं करते. दुसऱ्या गावांच्या कोकेशी दिसायला सुंदर असतील, पण गप्प. आमचा मान या आवाजावर. पर्यटक दुकानात शिरतो, आधी मान फिरवतो, मग हसतो, मग पाकीट काढतो. कधी उलटा क्रम पाहिला नाही.

मिउराकाकू फार सौम्यपणे बोलल्या. बाबांना वाईट वाटेल, मी आणून दिल्याचं सांगू नका. पण शरदात पानांनी डोंगर लाल झाले की गर्दी येते, तेव्हा फळी रिकामी ठेवता येत नाही. म्हणजे तोवर बोलणाऱ्या बाहुल्या द्या, नाहीतर फळी दुसऱ्या कारागिराला जाईल. एवढं त्यांनी उच्चारलं नाही. उच्चारावं लागलं नाही.

१४ ऑगस्ट

सकाळभर बाबांच्या लेथजवळ बसले. सुट्टी घालवायला याहून चांगली जागा नाही.

धड लेथवर गरगर फिरत असतं. डोक्याला खाली खुंटी असते, ती धडाच्या भोकाशी धरून बाबा दाबतात. लाकूड तापतं, करपल्याचा वास येतो — आणि टक्! डोकं आत. आता ते कधीच निघणार नाही. मग डोकं हातात घट्ट धरून धड फिरत ठेवायचं. आधी लाकूड किंचाळतं, हळूहळू सूर उतरतो. एका ठरावीक सुराला लेथ बंद. पुढे गेलं की खुंटी गुळगुळीत होते आणि बाहुली मुकी.

आज बाबा पुढे गेले. दर वेळी. हात तेच, बोटं तीच, किती सफाई! आणि शेवटी चुकीच्या क्षणी थांबणं.

मी कारखान्यात बेअरिंगांचा आवाज मोजते. जे कुरकुरतं ते बाद. यावर बाबांचा दर सुट्टीतला विनोद आजही झाला — "तुझ्याकडे कुरकुर केली की हाकलतात, आमच्याकडे केली की खपते. तुझी आई म्हणून तर इथे टिकली."

आई म्हणाली, ऐकायला कोणी असतं तर केली असती कुरकुर. आणि लगेच ओठ मिटून चहा ओतायला लागली.

संध्याकाळी ओसरीवर कलिंगड. समोरच्या देवदारांत हिगुराशी. दिवस कलला की हे किडे सुरू होतात, सगळा डोंगर वाजतो. आज तर नुसता दणाणत होता.

बाबा म्हणाले, "हिगुराशी आले नाहीत का गं यंदा?"

"नाही अजून," आई म्हणाली. "उशीर झालाय त्यांना."

कुंपणापलीकडून शेजारच्या कुमागाईआजोबांनीही दुजोरा दिला, उन्हाळाच विचित्र आहे म्हणाले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कलिंगडाच्या बिया काढत राहिले.

कानांतून उंच सूर आधी जातात. वय झालं की होतं असं. किटलीची शिटी, हिगुराशी, बाहुलीची मान — तिन्ही त्याच वरच्या पट्टीतले. खालचं सगळं बाबांना ऐकू येतं. विशेषतः जे त्यांनी ऐकू नये ते.

१५ ऑगस्ट

आईला म्हटलं, सांगूया. ती म्हणाली, "सांगितलं तर उद्यापासून लेथवर फडकं पडेल. ओळखतेस ना त्यांना."

ओळखते.

१६ ऑगस्ट

आज रंगकाम. लाल शेवंती, एकेक पाकळी ब्रशच्या एका झोक्यात. पुसणं नाही, दुरुस्ती नाही. डोळे सगळ्यात शेवटी. डोळ्यांच्या रेषा काढताना बाबा श्वास रोखतात, आम्हीही रोखतो. दोन्ही रेषा अगदी सारख्या! माझा पगारच मोजमापाचा आहे, तरी इथे पट्टी लावायची इच्छा झाली नाही.

बाहुली खाली ठेवली तर ती आपल्याकडे बघत नाही. जरा पलीकडे बघते. लहानपणी याचा राग यायचा. आता हेच सगळ्यात आवडतं.

१७ ऑगस्ट

बाबा म्हणाले, "नुसती बसून राहणार असशील तर कामाला लाग. फिरवतो मी. तू बास म्हण."

कशावरून म्हणायचं ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

पहिलीला फार लवकर म्हटलं. मान हलेचना. बाबा म्हणाले, ही तुझ्यावर गेली. दुसरी जरा बरी, पण आवाज घोगरा. तिसऱ्या वेळी मी डोळे मिटले, सूर उतरू दिला आणि म्हटलं, "बास."

मान फिरवली. कुईं!

आई हातात पळी तशीच घेऊन दारात आली. बाबांनी बाहुलीकडे पाहिलंच नाही. आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग पुढचं धड लेथवर चढवलं.

दिवसभर आमच्यात एवढा एकच शब्द. बास. बास. बास.

१८ ऑगस्ट

परतीचा दिवस. बाबांनी रात्री जागून रंगवलेल्या नवीन बाहुल्या मिउराकाकूंच्या दुकानात पोचवल्या. त्यांनी एकीची मान फिरवली आणि रांगेतलं एक लहान पोर आईचा हात सोडून वळलं. काकूंनी बाहुल्या दर्शनी फळीवर मांडल्या. माझ्याकडे बघून कमरेत वाकल्या, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

ऑफिससाठी भेटवस्तू घेतली. सुट्टीवरून रिकाम्या हाताने परतणं आमच्याकडे बसत नाही, आणि भेट अशी हवी की प्रत्येकाच्या टेबलावर वेगळी पुडी ठेवता यावी. त्यामुळे वड्या. खरी नारुकोची चव म्हणजे चेस्टनट पोटात घातलेले तांदळाचे गोळे, वर गोडसर सोयाचा पाक. पण ते त्याच दिवशी खावे लागतात. दुसऱ्या गावाला न्यायची सोय नाही, म्हणूनच बहुधा इतके चांगले राहिलेत. फलाटावर उभ्याने खाल्ले. बोटं चिकट.

बाबांनी एक बाहुली फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकली. "टेबलावर ठेव. कारखान्यात एक तरी कुरकुरणारं असू दे."

२० ऑगस्ट

वड्या वाटल्या. शेजारच्या टेबलावरच्या सावागुचीने बाहुलीची मान फिरवली आणि म्हणाला, "हे बाद आहे." चाचणीच्या खोलीत सगळे हसले. मग एकेकाने फिरवून पाहिली. कोणी खाली ठेवायला तयार नाही.

पुसायला म्हणून उलटी केली. तळ कोरा. बाबांनी तळावर आपलं नाव घातल्याशिवाय बाहुली घराबाहेर जाऊ दिल्याचं मला आठवत नाही. विसरले? ते विसरत नाहीत.

२१ ऑगस्ट

आईचा फोन. मागून बाबा बोलत होते, ती माझ्यापर्यंत पोचवत होती.

सप्टेंबरच्या कोकेशी उत्सवात बाहुल्या ठेवायच्या तर मंडळाला कारागिराचं नाव द्यावं लागतं. "म्हणतायत, डोकी मी बसवली, कान तुझे होते. तर खाली नाव कुणाचं घालू?"

  मग मागून बाबांचा आवाज थेट आला — दुसरंही विचार.

"विचारतायत," आई अडखळली, "हिगुराशी खरंच आले नव्हते का."

दोन्हींचं उत्तर रविवारपर्यंत कळवायचं आहे.