लेप अजून धरत नाही

१४ ऑक्टोबर, मंगळवार

प्रिय ताई,

सगळ्यांना नमस्कार. दाजी कामासाठी इकडे आले होते, उद्या परत निघतील, म्हणून त्यांच्याच हाती हे देते आहे. माझी तब्येत बरी आहे. खोकला गेला. घरमालकीण जिन्यात गाठून अजूनही माझ्या लग्नाचं काढते, तो त्रास काही जात नाही. चिमणीला रंगपेटी पाठवली आहे.

फोन का केला नाहीस, असं तू विचारशील. फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मग मी नुसती ‘हो, हो’ करत राहते.

इथे सगळ्यांची डोकी तापली आहेत, माझं जरा जास्तच. आमचा स्क्रू तुला माहीत आहे. मॅग्नेशियमचा, हाड जुळेपर्यंत धरून ठेवणारा आणि मग शरीरातच विरघळणारा. पण नुसतं मॅग्नेशियम फार उतावळं. हाड जुळायच्या आधीच विरघळतं, वर वायूचे बुडबुडे सोडतं. म्हणून त्यावर कॅल्शियम फॉस्फेटचा पातळ लेप द्यायचा. आपलं हाडही मुख्यतः त्याच जातीच्या पदार्थाचं असतं. या लेपाच्या मागे मी कित्येक वर्षं हात धुऊन लागले आहे. उन्हाळ्यात तो टिकला, तेव्हा तुला फोन करून मी केवढी ओरडले होते.

आमच्याकडे एक सहकारी आहे, त्याला आम्ही टापटीप म्हणतो. त्याच्या टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावलेल्या. लेपाची परीक्षा आम्ही रक्ताइतक्याच खारट पाण्यात घेतो, आणि ते पाणी दर दोन दिवसांनी ओतून नवं घालायचं असतं. उन्हाळ्यातल्या त्या परीक्षेच्या वेळी मी रजेवर होते, बाटल्या त्याच्याकडे होत्या. परवा चहा पिताना तो कौतुकाने म्हणाला, “तुझी एकही बाटली मी खुणेखाली जाऊ दिली नव्हती हं.”

मी म्हटलं, “म्हणजे? पाणी बदलत होतास ना?”

“बदलायचं कशाला? स्वच्छ तर होतं. उडून जायचं तेवढं भरत होतो.”

ताई, मला हसावं की रडावं कळेना. मॅग्नेशियम विरघळलं की पाणी अल्कधर्मी होत जातं, आणि तशा पाण्यात पुढचं विरघळणं आपोआप मंदावतं. म्हणजे स्क्रू लेपाने वाचलाच नव्हता, शिळ्या पाण्याने वाचला होता. शरीरात रक्त कुठे साचून राहतं? त्याच्यावर रागावताही येत नाही, बिचाऱ्याने मन लावून केलं. तरी मी रागावलेच.

तसं उन्हाळ्यापासून मनात कुठेतरी पाल चुकचुकत होती, म्हणून महिनाभर मी गुपचूप नवे नमुने लावले होते, दर दोन दिवसांनी नेमाने पाणी बदलून. ओल आलेल्या भिंतीवरच्या रंगासारखा लेप फुगला आणि पोपडे निघाले. माझ्याच हातून काही चुकतंय असं वाटून पुन्हा लावले, पुन्हा तेच. का, ते आत्ता कळलं.

सरांकडे गेले. ते म्हणाले, “अहवाल गेलाय, इस्पितळाने पेशंट निवडलेत. आता दुधात मिठाचा खडा टाकू नका.” मग म्हणाले, “आणि तुमची भाची त्यात आहे ना? तुम्हालाच नकोय का?”

मला हवं आहे. मला किती हवं आहे हे त्या माणसाला काय कळणार? मागच्या ऑपरेशनला चिमणी भुलेतून लवकर उठली नव्हती. बाहेर तू माझ्या दंडाला धरलं होतंस, त्याचे वळ मी दोन दिवस पाहत होते. स्टीलचे स्क्रू घातले की ते काढायला पुन्हा भूल, आणि तुला ती टाळायची आहे. म्हणून तर तू आमचा स्क्रू निवडलास. सोमवारची तारीखही घेतलीस.

आमचा स्क्रू घालू नकोस, ताई. पायाचं हाड सरळ करून जोडल्यावर ते जुळायच्या आत हा सुटेल, आणि मग दुसरी भूल नक्कीच, तीसुद्धा वाकड्या जुळलेल्या हाडासाठी. स्टीलचा सांग. भुलेच्या डॉक्टरांना मागचं सगळं आधीच सांगून ठेव. मी आज इस्पितळालाही लिहून कळवलं आहे. सर माझ्याशी बोलत नाहीत, माझी नोकरी राहील की नाही देव जाणे. पण इस्पितळ सोमवारच्या आत हालचाल करेलच याची मला खात्री नाही, आणि तुला नाव काढून घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

मला शिव्या घाल. आशा लावली आणि काढून घेतली, असं म्हण. खरंच आहे ते. मलाही इतका संताप येतो की बाटल्या भिंतीवर आपटाव्यात.

संमतीपत्रावर सही करताना तू दाजींना म्हणाली होतीस, “मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण धाकटी म्हणते ना, मग झालं.” दाजींनीच काल मला हे सांगितलं. तर आता धाकटी म्हणते आहे: नाव काढ.

तुझीच,
धाकटी