घाण नव्हती, आई

आई, आत्ता दवाखान्यातून आले आणि चप्पल न काढताच लिहायला बसले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ही गोष्ट आधी तुलाच सांगावीशी वाटली. तुला व्हायचा तो त्रास मलाही होतो. ती खाज, ती आग, ते दह्यासारखं पांढरं जाणं. औषधानं थांबतं आणि थोड्या दिवसांनी पुन्हा उपटतं.

लहानपणीचं अजून डोळ्यांसमोर आहे: गडहिंग्लजच्या घरी परसातल्या न्हाणीत तू आहेस, मी बाहेर टॉवेल धरून उभी आहे. आत पाणी ओतल्याचा आवाज थांबत नाही. कढत पाणी, त्यात कडुलिंबाचा पाला, वर कपड्याचा साबण. थोरली काकू गोठ्यातून ओरडते, "किती पाणी बडवशील गं? एकदाच नीट धुवावं माणसानं, मग खाजत न्हाय!" आणि तू आतून, "धुती की ओ जाऊबाई, आता कातडं तेवढं सोलायचं राहिलंय!" काकू हसली. मीही हसले, मला काय कळत होतं? तू बाहेर आलीस ती पाय फाकवून चालत. पुढं तुला धार काढायलाही बसू दिलं नाही, दूध नासतं म्हणे. म्हैस तुझ्याशिवाय पान्हा सोडत नव्हती, तरीही.

आज डॉक्टरीणबाईंसमोर माझा आवाज अगदी बारीक झाला. चौकात माईकशिवाय बोलणारी मी! त्या म्हणाल्या, "मोठ्यानं बोला की ताई, भाषणात तर पार मागपर्यंत ऐकू येता." साखर तपासली होती, ती नीट निघाली. मग त्यांनी विचारलं, "आईला होतं का असं?" मी म्हटलं, "हो, तिलाही."

त्यांनी सांगितलं ते असं. हा त्रास एका बुरशीचा, आणि ती पुष्कळ बायकांच्या अंगात गुपचूप असते. बहुतेकींचं शरीर तिला आवरून धरतं. काहींचं आवरायला कमी पडतं, नाहीतर जराशा बुरशीवर इतकं चिडतं की नुसती आग होते. शरीराची ही ठेवण काही घरांत जन्मानंच येते. सगळं अजून कळलेलं नाही, असंही त्या म्हणाल्या. पण याचा घाणेरडेपणाशी संबंध नाही, आणि साबणानं घासलं तर उलट जास्तच सोलवटतं.

घाण नव्हती, आई. बाईचं दुखणं दिसलं की तिच्या अंघोळीवर, तिच्या वागण्यावर बोट ठेवणाऱ्यांना मी भर सभेत झोडपते. पण तू स्वतःलाच घाणेरडी समजत गेलीस, आणि हे एक वाक्य सांगायला मला सभा नको होती. न्हाणीचं दार हवं होतं, आणि आत तू.

डॉक्टरीणबाईंना एक सांगितलं नाही. हा कागद कुठं जायचा नाही, म्हणून तुला सांगते. माझं नाक, रंग, आवाज, तापटपणा, सगळं आबांचं, बापावर गेलेलं; तुझं काही माझ्यात आहे, असं आजवर कुणी म्हणालंच नाही. म्हणून "बहुधा आईकडून आलं असेल" असं त्या म्हणाल्या, तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं.