मशीनवरची वीस मिनिटं

सुगंधाताई,

मी झेवियर. तुमच्या यजमानांच्या, चंद्रप्रकाशरावांच्या बायपासला हार्ट-लंग मशीन चालवणारा. हृदय थांबवलेलं असताना शरीरभर रक्त फिरवत ठेवणं हे माझं काम.

त्या दिवशी मधेच त्यांचं प्रेशर उतरलं. मी म्हणालो, "सर, प्रेशर वाढवायला हवं. आतड्यांना रक्त पुरणार नाही." सर टाके घालत होते. "थांब रे, दोन मिनिटं," म्हणाले. दोनाची वीस झाली, आणि मी पुन्हा तोंड उघडलं नाही. एवढ्या मोठ्या सर्जनशी वाद कसा घालायचा, असं वाटलं.

हृदय झकास सुरू झालं. तिसऱ्या दिवशी मी आयसीयूत डोकावलो, तर त्यांचं पोट फुगलेलं. माझा हात घट्ट धरून म्हणाले, "पोटात खूप दुखता रे, कोणाक तरी बोलव." मी धावलो. पण आतडं काळं पडलं होतं. दोन दिवसांनी ते गेले. तुम्हाला सांगितलं गेलं, वयामुळे झालं.

आता प्रेशर उतरलं की मी ओरडतो. सर चिडतात, पण हात थांबवतात. तरी मशीनच्या घरघरीत मला चंद्रप्रकाशरावांचंच कण्हणं ऐकू येतं.

रविवारी हे सगळं सांगायलाच घाटकोपरला आलो होतो. चहा देताना तुम्ही विचारलंत, "शेवटी त्यांना फार दुखत होतं का हो?"

"नाही," मी म्हणालो. "झोपेतच होते."

तुम्ही डोळे मिटून मोकळा श्वास घेतलात. तो श्वास तुमच्याकडून परत कसा घेऊ?

तुमचा अपराधी,
झेवियर