बोडनारांचं पीप

३ ऑक्टोबर
बाबांनी स्वतः केलेलं लाकडी पीप आणून दिलं! आमच्या बोरोकासाठी. नातीच्या बाप्तिस्म्याला दारूने भरायचं, तिच्या लग्नात उघडायचं. थरथरत्या हातांनी उन्हाळाभर खपत होते. जाताना म्हणाले, "गेर्गे, तळघरात ठेव हं, ओलीला."

हो म्हटलं. आणि ठेवलं बैठकीत, शेगडीशेजारी. पाहुण्यांना दिसायला नको?

१९ ऑक्टोबर
बुडापेस्टहून पाहुणे. पिपावर थाप मारून सांगितलं — बोडनार म्हणजे पीप करणारे! आम्ही नावाचेच नाही, कामाचेही बोडनार! बाई म्हणाल्या, "मग तुम्हीही करता?" आतून एतेल्का ओरडली, "हा? ह्याला साधा खिळा ठोकता येत नाही!" सगळे हसले. मीही हसलो. बायको आहे की वैरीण!

९ नोव्हेंबर
मेलो असतो तर बरं झालं असतं.

बाबा ओरडतील म्हणून पीप सकाळीच गुपचूप तळघरात नेलं. बाप्तिस्मा उरकून चर्चमधून सगळे आले. दारू ओतायला लागलो — आणि फळ्याफळ्यांतून धारा! जमिनीवर नुसता चिखल. शेजारचा लायोश पिंतेर खिदळला, "आम्ही पिंतेर, तुम्ही बोडनार, अर्थ एकच. पण आमचं निदान गळत तरी नाही, कारण आम्ही करतच नाही!"

सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी काय बोललो? "बाबांचे हात आता पूर्वीसारखे राहिले नाहीत हो."

बाबा वाकले. पिपाचा लोखंडी पट्टा बोटाने हलवून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "खरंय. हात गेले माझे."

१० नोव्हेंबर
बाबांनी आपल्या पिपांच्या दुकानाची पाटी उतरवली. लायोशने सांगितलं, हसत हसत.

एतेल्का म्हणाली, "शेगडीपाशी महिनाभर वाळवलंस, ते कुणाला सांगितलंस का?"

नाही सांगितलं. लाज वाटते. बोडनाराच्या घरात जन्मलो आणि वाळलं की लाकूड आक्रसतं, एवढंही डोक्यात आलं नाही!

११ नोव्हेंबर
पिपात पाणी भरलं. गळतंय. पुन्हा भरलं.

१३ नोव्हेंबर
लाकूड फुगलं. खाली कागद अंथरला होता, तो कोरडा ठणठणीत. थेंब नाही! बाबांनी केलेलं पीप. त्याच थरथरत्या हातांनी.

बाबांकडे जायला हवं. पाय निघत नाही.

१४ नोव्हेंबर
गेलो. सगळं सांगितलं, रडलोसुद्धा. बाबा वाळलेल्या शेंगा सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "ठाऊक होतं रे. पट्टा ढिला लागला तेव्हाच कळलं."

"मग सगळ्यांसमोर बोलला का नाहीत?"

"दोघांपैकी एका बोडनाराचं नाव जाणारच होतं. तुला अजून या गावात राहायचंय."

१५ नोव्हेंबर
लायोशच्या दारूच्या गुत्त्यात गेलो. सगळे होते. उभा राहून सांगितलं — पीप मी वाळवलं. येताना पाटी जागेवर लावली. बाबांनी खालून शिडी धरली होती.