बुटातलं बूच

३ मार्च

चि. चिमीस,
अ. आ.

पाय ठणठणीत आहे. पायामुळे मी येत नाही असं कुणी उठवलं असेल तर त्याला माझ्यासमोर उभं कर. रोज दोन जिने चढते, उतरते, पाण्याची बादली स्वतः उचलते. मी येत नाही कारण मला यायचं नाही. झालं.

तुझं पत्र पोचलं. चार पानं, त्यातली तीन सहलीची. मनोरंजन उद्यानात चालला आहात की चंद्रावर? टोप्या चार, बाटल्या सहा, कपड्यांचे जोड दोन-दोन, पोरांच्या गळ्यात नावाच्या पाट्या, हरवलं तर कुठं भेटायचं त्याचा नकाशा. तुला आम्ही ट्रकमध्ये तंबूच्या कापडावर झोपवून गावोगाव हिंडवलं. नकाशा काढला नव्हता. हरवली नाहीस.

पाळण्यांच्या धंद्यात माझी अकरा वर्षं गेली. तुझे बाबा इंजिनावर आणि मी फाटकात. गरगर फिरणारी माणसं बघून माझे डोळे विटलेत, आता पैसे मोजून तेच बघायला कशाला येऊ?

तरी दोन गोष्टी सांगते. डबूला पोटभर खायला घालून लगेच गोल फिरवू नका. तीन वर्षांचं पोर आहे, ओकणार आणि नेमकं मागच्याच्या अंगावर ओकणार. मी अकरा वर्षं पुसलंय. आणि भिंगरीला आधी लहान खेळांत बसव. मोठ्याकडे पळत सुटू देऊ नकोस.

फोन करून घसा बसवू नकोस. त्या डबड्यातून मला अर्धंच ऐकू येतं, आणि येतं ते नको असलेलं. लिहीत जा.

जावईबापूंना सांग, त्यांनी पाठवलेल्या चपला पायाला नीट बसल्या. आहे ती माया राहू द्या.

तुझी आई


९ मार्च

ती. आईस,
सा. न.

तुझ्या पायाबद्दल कुणीच काही म्हटलं नव्हतं गं! मी फक्त "येतेस का" एवढंच लिहिलं होतं. आता मात्र मला पायाची काळजी लागली.

तारीख ठरली, अठ्ठावीस. दवाखान्यातून माझी रजा मंजूर झाली. बाई म्हणाल्या, दातांचे साचे एक दिवस थांबतील. डबूला नवी टोपी आणलीय, ती घालूनच तो जेवतो. भिंगरीचं तर विचारूच नकोस. त्या उद्यानात ड्रॅगनगाडी म्हणून आहे, रुळांवरून वर चढते आणि खाली सुसाट येते. तिचं चित्र हिने पलंगावर डकवलंय. वर्गात सगळ्यांना सांगून झालंय. रोज सोफ्यावर बसते, बाबांचा पट्टा पोटावर घेते आणि किंचाळायचा सराव करते. खालच्या काकू दोनदा विचारायला आल्या, काय झालं म्हणून.

अडचण एकच. त्या गाडीला एकशे दहा सेंटीमीटर उंची लागते आणि आपली ठेंगणी भरते एकशे सात. गेले चार दिवस घरात सुतक असल्यासारखं होतं. शेवटी ह्यांनीच तोड काढली. अख्खा दिवस बुटांच्या कारखान्यात काढणारा माणूस, त्यांच्यासाठी काय अवघड? भिंगरीच्या बुटांत टाचेखाली बुचाचा तुकडा असा बेमालूम बसवलाय की बाहेरून पत्ता लागत नाही. चालतानाही ती अडखळत नाही. तीन सेंटीमीटर आणि वर थोडं. गाडीत मी तिच्याशेजारी बसणार आहे, उजव्या हाताने घट्ट धरीन. डावा जिन्यावरून पडल्यापासून वाकडाच, त्याच्यावर भरवसा नाही.

हो, एक विचारायचं होतं. तुझ्या दाराआड ती रंगीत काठी असते ना, वरच्या दोरीवरचे कपडे तू काढतेस ती, तिच्यावर लाल रेघ कसली आहे? भिंगरी म्हणते, मागे आलो तेव्हा मी काठीला टेकून उंची बघत होते तर आजीने हिसकावून घेतली. पोरीशी इतकं कडक वागू नये.

तुझा राग आणि लोभ, दोन्ही आहेत तसे असू देत.

तुझी चिमी


१४ मार्च

चिमे,

आशीर्वाद शेवटी लिहीन. आधी ते बूच काढ. पत्र खाली ठेव, बूट घे आणि काढ.

जावईबापूंच्या हातात कसब आहे ते मला माहीत आहे. ते असल्या कामाला लावू नये. फाटकातल्या माणसाला तुम्ही काय समजता? मी काय काय बघितलंय. टोपीखाली कापड, अंबाड्यात लाकडी चेंडू, लांब झग्याआड चवड्यांवर उभी पोरं. एका बापाने तर पोराच्या मोज्यांत विड्यांची पाकिटं कोंबली होती. मी टाचेखाली नख घालून बघायची. पोरं रडायची, बाप शिव्या द्यायचे. देऊ देत.

लाल रेघ कसली म्हणून विचारतेस, तर ती मापाची काठी आहे. आपला एक पाळणा होता, त्याला खेकडा म्हणायचे. तुला आठवायचा नाही. आठ लोखंडी हात, हाताच्या टोकाला दोघांची पेटी, पुढं आडवा दांडा. रेघेला डोकं लागलं तर बसायचं, नाही तर नाही.

रेघ कुणी गंमत म्हणून काढत नाही. नीट समजून घे. दांडा खाली येतो तो मोठ्या माणसाच्या मांडीवर अडतो. तू शेजारी बसशील तर तुझ्या मांडीवर अडेल. पोरीच्या मांडीपर्यंत पोचणारच नाही, तिथे फट राहील. गाडी वळली की पोर त्या फटीतून खाली सरकतं. बुचाने पोरीचं डोकं वर जातं, मांडी नाही जाड होत. तुझा उजवा हात घट्ट, म्हणे! फिरत्या लोखंडापुढे हात काय करणार?

उलट टपाली लिही की बूच काढलं. तेवढंच लिही, टोप्यांचं नको.

आशीर्वाद आहेत.

आई


१९ मार्च

ती. आईस,
सा. न.

बूच काढलेलं नाही.

तुझं पत्र ह्यांच्या हाती पडलं.  सासूबाईंनी आपल्या कामाला लबाडी म्हटलं, एवढंच बोलले. तू तसं लिहिलं नव्हतंस, पण वाचणाऱ्याला तसंच लागतं.

आई, ती चाळीस वर्षांपूर्वीची लोखंडी पेटी होती. इथं पट्टे आहेत, खांद्यावरून येणारी कुलपं आहेत, यंत्राला कळतं कोण नीट बसलं नाही ते. रोज हजारो पोरं बसतात. आणि भिंगरी जन्मापासून लहानखुरी. रांगेत पहिली, फोटोत पुढे, खेळात बाहेर. एकदा, फक्त एकदा, तिला तिच्या वर्गातल्या पोरांसारखं "मीपण बसले" म्हणू दे.

मला ते कधी म्हणता आलं नाही. पाळण्यांत वाढले आणि एकाही पाळण्यात बसले नाही. लाकडी घोडेसुद्धा नाहीत, ज्यांवर कडेवरची बाळं बसायची. तू नाही म्हणायचीस आणि बाबा तर मला फाटकाजवळ उभंही राहू द्यायचे नाहीत. रस्त्याने जाताना कधी माझा हात धरला नाही त्यांनी. मी पुढे केला तरी खिशात घालायचे स्वतःचा. मला वाटायचं, वाकड्या हाताची पोर त्यांना नकोशी झालीय. हे तुला कधी बोलले नाही, आज लिहून टाकते.

तू नुसती ओरडतेस. यामागं काही कारण असेल तर सांग. नसेल तर अठ्ठावीसला आम्ही निघतो आणि भिंगरी ड्रॅगनगाडीत बसते.

रागावलीस तरी तुझीच,

चिमी


२४ मार्च

चि. चिमीस,

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. हे मी पेटीत टाकत नाही, मोठ्या पोस्टात जाऊन खिडकीत देते. वेळेवर पोचलं तर बरं.

कारण पाहिजे ना, घे.

तू जिन्यावरून पडली नाहीस. तेव्हा आपल्याकडे जिना नव्हता. तंबूत राहत होतो आपण. एवढी शिकलीस, दुसऱ्यांचे दात करतेस, आणि तंबूला जिना कुठून आला हे कधी डोक्यात आलं नाही?

तू चार वर्षांची होतीस. नव्या गावात पहिला दिवस, सकाळची वेळ, फाटकात कुत्रं नाही. खेकडा रिकामा उभा असला की लोक लांबूनच बघतात, बसायला धजत नाहीत. एखादं पोर हसत फिरताना दिसलं की रांग लागते. असं सगळेच करायचे. तू रेघेच्या दोन बोटं खाली होतीस. लोकांना मापात दिसावीस म्हणून चपलांत पुठ्ठा घातला होता. तुला बसवण्यात आलं. शेजारी मेळ्यातली फुगेवाली, चांगली आडव्या अंगाची बाई. दांडा तिच्या मांडीवर अडला.

दोन फेऱ्या तू हसत होतीस. तिसऱ्या फेरीला खाली सरकलीस. बाईने झगा धरला म्हणून बाहेर गेली नाहीस. डावा हात दांड्यात राहिला. इंजिन लगेच बंद झालं, पण तो लोखंडी खेकडा लगेच थांबत नाही. दीड फेरी लागते. ती दीड फेरी तुझा हात तिथेच होता.

हाड बसवणाऱ्याने बसवलं ते असं बसलं. खेकडा त्याच हंगामात भंगारात दिला. काठी मी ठेवली.

पुठ्ठा होता, बूच नव्हतं. एवढाच फरक.

आता तुझं तू बघ.

आई


३० मार्च

ती. आईस,

तुझं पत्र निघायच्या सकाळी खालच्या पेटीत दिसलं. आदल्या दिवशी आलेलं असणार, मी पेटी बघितलीच नव्हती. रागात होते म्हणून न फोडता पिशवीत टाकलं. खोटं कशाला बोलू, परत येऊनच फोडणार होते.

ड्रॅगनगाडीला पाऊण तासाची रांग होती. डबूला घेऊन हे कठड्याशी थांबले. भिंगरी माझ्यापुढे उड्या मारत होती. आता ओरडायचं की वर गेल्यावर, असं दर मिनिटाला विचारत होती. वेळ जाईना म्हणून पत्र फोडलं.

वाचून झालं तेव्हा आमच्यापुढे चार माणसं होती. मी खाली बसले आणि तिच्या पायातला बूट ओढला. नाडीला निरगाठ बसली, सुटेना. हे डबूला घेऊन धावत आले. काय झालं म्हणून विचारलं नाही. माझा चेहरा बघितला, खिशातली छोटी सुरी काढली आणि दोन्ही बुटांतली बुचं स्वतःच उपसली. मागचे लोक ओरडत होते.

मापाच्या फळीशी तिला उभं केलं. फाटकातली मुलगी तुझ्यासारखी नव्हती, गोड बोलली, पुढच्या वर्षी ये म्हणाली. भिंगरी जमिनीवर लोळली. मला चावली. तू माझी आई नाहीस म्हणाली. आणि मी तिथे सगळ्यांसमोर तिला कवटाळून बसले होते. कुणाला वाटलं असेल, हिलाच आत जाऊ दिलं नाही.

बाकीची सहल नेहमीसारखीच झाली. कपबशीच्या पाळण्यात डबू ओकला, मागच्याच्या नव्हे, ह्यांच्या बुटांवर. भिंगरी अजून माझ्याशी बोलत नाही. पाणी हवं असलं तरी डबूकरवी निरोप पाठवते.

आता एकच विचारते. "बसवण्यात आलं", "पुठ्ठा घातला होता" असं तू लिहिलंस. कुणी? बाबांनीच ना? म्हणून माझा हात धरत नव्हते. म्हणून जिन्याची गोष्ट. चाळीस वर्षं मला वाटत राहिलं की मीच कुठे कमी पडले. काल त्यांचा फोटो भिंतीवरून काढून कपाटात पालथा ठेवलाय. मरताना तरी सांगायचं होतं त्यांनी.

तू मात्र सांगितलंस. वेळेवर सांगितलंस. ती माया विसरणार नाही.

तुझी चिमी


४ एप्रिल

चिमे,

फोटो सरळ कर. आधी ते कर, मग पुढचं वाच.

तुझे बाबा इंजिनावर होते. इंजिन मागच्या बाजूला, कापडाआड. तिथून फाटक दिसत नाही. फाटकात मी होते, काठी माझ्या हातात. पुठ्ठा मी कापला, साबणाच्या खोक्याचा. तू मागत नव्हतीस, रडत नव्हतीस, मातीत खेळत होतीस. मी उचललं. दांडा मी पाडला. त्यांनी चालू केलं कारण मी हात वर केला. मी हात वर केला की माप बघून झालं, असा आमचा ठराव होता. तू आत आहेस हे त्यांना तुझी किंकाळी ऐकून कळलं.

जिन्याची गोष्ट त्यांनी रचली. माझ्यासाठी. पोरगी तुझ्यापासून तुटायला नको, म्हणाले.

तुझा हात धरत नव्हते कारण त्यांना वाटायचं, इंजिन बंद करायला आपण उशीर केला. उशीर नव्हता केला. खेकडा तसाच थांबतो. हे मी त्यांना सांगायला पाहिजे होतं. तू मला दोष देऊ नयेस म्हणून ते गप्प राहिले, आणि त्यांनी स्वतःला दोष द्यावा म्हणून मी गप्प राहिले. वीस वर्षं मी ते चालू दिलं.

भिंगरी रुसली आहे तर रुसू दे. बोलत नाही ना, हात तर सरळ आहेत. सुट्टीत तिला घेऊन ये, काठीला टेकून उभी करीन. हिसकावणार नाही. दर सुट्टीला खूण करू.

जावईबापूंना म्हणावं, बुचं फेकू नका, माझ्या टेबलाचा पाय डुगडुगतो. आणि म्हणावं, सुरी काढलीत ते कसबाचं काम केलंत. हे त्यांना वाचून दाखव, नुसतं सांगू नकोस.

माझ्यावरचा लोभ ठेवायचा की नाही ते तू ठरव. मी मागत नाही.

आई

ता. क. पानावर जागा शिल्लक आहे, ती तशीच राहील. तुझं पुढचं पत्र या विषयाचं असेल तर न फोडता परत पाठवीन. मी आणखी काही सांगणार नाही.