छबूची संमती

सेलू,
१२ डिसेंबर १९७८

चि. सौ. इंदूस बाबांचे अनेक आशीर्वाद. जावईबापूंनाही कळव.

इकडे सर्व खुशाल. तुरीच्या शेंगा भरल्यात. तुझी आई एक दिवसाआड शेंगा सोलून सोल्यांची भाजी करते आणि दर वेळी म्हणते, इंदूला फार आवडते. पुलगावात काय तुरी मिळत नाहीत? पण हे तिला विचारायची माझी छाती नाही. तुम्हा दोघांच्या नोकऱ्यांपायी छबू इथे राहिली, पण नात मजेत आहे. जरा जास्तच मजेत आहे, म्हणून हे पत्र.

निवृत्तीनंतर संस्थेच्या शाळेत मला धर्माचा तास मिळाला, तेव्हा मी किती फुगलो होतो ते तू पाहिलेच आहेस. तू शिकवतेस त्या नगरपालिकेच्या शाळेत असा तास चालत नाही. आमच्याकडे चालतो, पण शाळेला अनुदान असल्यामुळे पालकांची लेखी संमती हवी, असे यंदा तपासणीचे साहेब सांगून गेले. चिठ्ठ्या घरोघर गेल्या. सगळ्यांच्या सह्या आल्या. पहिला नीट उमटला नसेल म्हणून नत्थूच्या बापाने तर दोन अंगठे दिले. आली नाही ती धर्म शिकवणाऱ्या मास्तरच्या लेकीची! वर तुझी ओळ, "शाळा सगळ्यांची, धर्म घरचा." वा गं वा! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तेव्हापासून माझ्या तासाला छबू बाहेर निंबाखाली बसून बोरं खाते, आणि आतल्या पोरांचे डोळे त्या बोरांवर. परवा नत्थू उभा राहिला. "गुर्जी, माह्या बापानं बी नाईची चिठ्ठी देली तं चालते काय?"

काल संस्थेचे अध्यक्ष बबनराव घरी आले. चहा झाल्यावर म्हणाले, "गुर्जी, तुमच्याच घरची पोरगी बाहेर बसून राह्यली. लोक हासतात. सोमवारपर्यंत सही आणा, नाई तं तास दुसऱ्याले द्या लागते." जाता जाता वळले. "पुलगावले कायले धाडता चिठ्ठी? तुमीच टाका करून. कोन पाह्यते?"

इंदू, तो तास गेला तर मी ओसरीवर माशा मारत बसणार. तो आहे म्हणून मी रोज सकाळी कडक धोतर नेसतो. खोटे कशाला सांगू, मी एक कोरी चिठ्ठी पुढे ओढली. तुझा हात धरून तुला अक्षर मीच शिकवले, तुझी सही मला काय अवघड! नाव निम्मे लिहून झाले, तर मागे छबू उभी. आता ही मला हरिश्चंद्र ऐकवणार असे वाटले, कारण याच आठवड्यात मी तो वर्गात रंगवून सांगितला होता आणि निंबाखाली सगळे ऐकू जाते.

ती हळूच म्हणाली, "करा नानाजी. तुमचा तास जाईल ना. मी आईले नाई सांगत."

लाज वाटली गं मला. वर्षभर धर्म शिकवला, आणि माझी नात माझ्यासाठी तुझ्यापासून लपवायला शिकली. चिठ्ठी चुलीत घातली. छबूला जवळ घेऊन सांगितले, आईला सगळे सांगायचे, मी पण सांगतो.

तुझे म्हणणे मला अजून पटलेले नाही. दिवाळीसारखे परत भांडू, तुझी आई मध्ये पडेपर्यंत. पण बबनराव मोठे गोडबोले आहेत. पुलगावला येतील, म्हाताऱ्या बापासाठी एवढे करा म्हणतील, आणि तू विरघळशील.

विरघळू नकोस. सही करायची नाही.

तुला न पटणारे, पण तुझेच,
बाबा