अर्जाखालचा पत्ता

सोमवार, १० फेब्रुवारी १९९७. संध्याकाळी ६.१०. मानवी हक्क आयोगाला पाठवायचा अर्ज तिसऱ्यांदा स्वच्छ लिहीत होतो.

वहिनीला आठवा महिना आहे. खोली यंत्रमाग कारखान्याच्या शेठची. आम्ही इथे राहतो असा दाखला तो देत नाही, म्हणून दवाखान्यात तिचे नाव नोंदवून घेत नाहीत.

मला मागावर कामाला लावणारे मुकादम नामदेवकाका आले. “अर्जाखालचं नाव खोड. आयोग तुनं पोट भरी का?”

वहिनी आतून म्हणाली, “मंग काका, बाळंतपण तुम्ही करशात का?”

काका चिडले. “उद्यापासून मागावर येऊ नको.”

भ्यालो का? हो, भ्यालो. पण नाव खोडले नाही. खाली खोलीचा नंबरही लिहिला. आयोगाची माणसे चौकशीला आली, तर आधी आमच्याच दारात यावीत.